दोघींना एकच तारीख

“कोड फोडा,” डॉ. होनराव म्हणाले. “आत्ताच्या आत्ता. ही बाई खरं औषध खातेय की नुसतं पीठ, ते कळल्याशिवाय मी हिच्या डोक्याला हात लावणार नाही.”

वैजंताबाई स्ट्रेचरवर बेशुद्ध पडल्या होत्या. डाव्या कानामागचे केस भादरलेले, कपाळाला कडब्याचा कचरा तसाच चिकटलेला. सकाळी कडब्याच्या गंजीवरून जनावरांना पेंढ्या टाकताना पाय निसटला आणि डोकं बांधावरच्या दगडावर आपटलं. सीटीच्या फोटोत कवटीच्या आत रक्ताचा थर साठलेला दिसत होता आणि तो मेंदूला एका बाजूला ढकलत होता. कवटी उघडून ते रक्त काढायचं, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. प्रश्न होता तो त्यांच्या चोळीत सापडलेल्या निळ्या कार्डाचा. त्या कार्डावर माझा फोन नंबर होता.

मी त्या हॉस्पिटलात संशोधनाच्या कामाला होते. जिल्ह्याच्या गावातलं ट्रस्टचं हॉस्पिटल. मधुमेहाच्या जखमा, मूत्रपिंड, डोळ्याचा पडदा, हृदय, ज्या विभागात नव्या औषधाचा अभ्यास निघेल तिथे मी पेशंट गोळा करायचे, त्यांना समजावायचे, तपासणीच्या तारखा द्यायचे. म्हणजे सगळ्या विभागांची मिळून एक सून. काम सगळ्यांचं, कौतुक कुणाकडेच नाही. शिक्षणाने मी होमिओपॅथ. त्यामुळे मेंदूचे सर्जन होनराव मला साबुदाणा म्हणायचे. राग यायचा, पण सर्जनवर चिडून आपलंच डोकं दुखतं हे मी पहिल्याच वर्षी शिकले होते.

वैजंताबाई हृदयाच्या अभ्यासात होत्या. लहानपणीच्या सांधेतापाने ज्यांची हृदयाची झडप खराब झाली आहे, अशांना रक्त पातळ करणारी एक नवी गोळी आधीपासून दिली तर पुढचा लकवा टळतो का, ते पाहायचं होतं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी खोटी. कुणाच्या डबीत काय, हे पेशंटला ठाऊक नसे, मला नसे, हृदयविभागाचे डॉ. जमदाडे यांनाही नसे. ते फक्त मुंबईतल्या एका फोनच्या पलीकडे ठाऊक असे. पेशंटच्या जिवावर बेतलं तरच तो फोन करायचा. त्यालाच कोड फोडणं म्हणत.

मी फोन केला. कार्डावरचा पेशंट नंबर सांगितला. पलीकडच्या माणसाने जरा वेळ घेतला आणि म्हणाला, “डमी.”

“डमी आहे,” मी सांगितलं.

होनरावांनी मोठा श्वास सोडला. “सुटलो. घ्या आत.”

स्ट्रेचर हलला. मी कार्ड परत ठेवायला वाकले आणि माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. सलाईनच्या सुईखालचा कापूस रक्ताने भिजला होता. सिस्टरने तो माझ्यासमोरच नवा लावला होता. कानामागे वस्तरा जरासा लागला होता, तिथूनही रक्त झिरपत होतं. मघापासून झिरपत होतं.

“सर, हे रक्त थांबत नाहीये.”

“रक्त गोठण्याचा रिपोर्ट नॉर्मल आहे.”

“या गोळीला तो रिपोर्ट पुरत नाही. ही गोळी त्यात दिसेलच असं नसतं.”

“अगं, पण डमी म्हणालीस ना तूच?”

“डमीच म्हणाले ते.”

होनरावांनी स्ट्रेचर थांबवला. माणूस तोंडाचा फटकळ, पण पेशंटच्या बाबतीत कधी चालढकल करणारा नव्हे. ते मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “नीट ऐक. गोळीचा असर उतरवायला रक्त गोठवणारं इंजेक्शन आहे आपल्याकडे. पण ही बाई गोळी घेत नसेल आणि मी ते दिलं, तर तिच्या त्या खराब झडपेवर गाठ धरेल. मग डोकं वाचवून अर्धांग पदरात. आणि गोळी घेत असेल आणि मी दिलं नाही, तर उघडल्यावर रक्त आवरणार नाही, टेबलावरच जाईल. मला अंदाज नको. खात्री आण.”

“किती वेळ आहे?”

“भूल चढेपर्यंत.”

मी बाहेर व्हरांड्यात आले. बाकावर वैजंताबाईंचे यजमान कुंडलिकराव बसले होते. धोतराला माती, हातात बायकोचं मंगळसूत्र आणि तिची कापडी चंची. सिस्टरने अंगावरचं सगळं काढून त्यांच्या स्वाधीन केलं होतं. व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, खांबाला टेकून छबू उभी होती. पदर तोंडात धरलेला.

छबू म्हणजे वैजंताबाईंची सख्खी धाकटी बहीण, आणि सख्खी धाकटी जाऊही. दोन बहिणी दोन भावांना दिलेल्या. सांधेताप दोघींना माहेरच्या एकाच घरात झाला होता, झडप दोघींची गेली होती, आणि माझ्या अभ्यासात दोघीही होत्या. एका घरातले दोन पेशंट घ्यायचे नाहीत असा औषध कंपनीचा नियम होता. मी विचारलं तेव्हा वैजंताबाई म्हणाल्या होत्या, “चूल येगळी हाय, उंबराबी येगळा हाय. लिवा तुमी बिनधास्त.” मी नावं घातली. दोघींनी मागितलं ते एकच. “आमाला तारीख तेवढी एकच द्या.” बायकांना सोबत लागते, म्हणून मी तशी दिली. एक पहिल्या एसटीने यायची, दुसरी त्यानंतरच्या. जातानाही तसंच. मला वाटायचं, गाडीला गर्दी असेल.

“कुंडलिकराव, वैजंताबाई दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडची गोळी घेतात का? दुखण्याची वगैरे?”

“न्हाई. तुमची ती डबी, बास.”

“आज घेतली होती?”

“न्याहारी केली, गोळी खाल्ली आन् मग गंजीवर चढली.” ते चंची उलटीसुलटी करत होते. त्यातून एक अडकित्ता बाहेर आला. “ह्यो कशाला बाळगती कुणाला ठावं. उभ्या जल्मात सुपारीला हात लावला न्हाई हिनं.”

तो अडकित्ता मी ओळखत होते. तपासणी झाली की दोघी बहिणी ओपीडीच्या मागच्या करंजाखाली बाकावर बसायच्या. मधे भाकरीचं फडकं सोडलेलं. येताजाता मला दिसायचं, वैजंताबाईंच्या मांडीवर अडकित्ता असायचा आणि पात्याला पांढरं काहीतरी लागलेलं. पान खात असतील, चुना असेल, म्हणून मी कधी विचारलं नाही. दोघींच्या दंडांवर बारीक निळे डाग मात्र मी दर तपासणीला पाहत होते. दोघींच्या सारखेच.

मी त्यांच्या हातातून अडकित्ता घेतला आणि व्हरांड्याच्या त्या टोकाला गेले.

“छबूताई, हा कशासाठी?”

तिने अडकित्त्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तोंडात गुळणी धरल्यासारखी उभी राहिली.

“छबूताई, आत डॉक्टर थांबलेत. आक्काच्या पोटात नक्की काय गेलंय ते मला कळलं पाहिजे. तुम्ही दोघी गोळ्यांचं काही करता का?”

“मला ठावं न्हाई.”

“खोटं बोलताय तुम्ही.”

“आवं, आमचं बोलनंबी न्हाई येकमेकींशी.” हे ती जरा मोठ्याने बोलली, आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. कुंडलिकराव बाकावरून उठून उभे राहिले होते.

“ती हितं कशाला आलीया?” त्यांनी तिथूनच विचारलं, मला उद्देशून, तिच्याकडे न बघता. “तिला म्हनावं, घरी जा. तुजा नवरा वाट बघत आसंल.”

छबू जागची हलली नाही. मी तिचा हात धरला.

“तुम्ही सांगितलं नाही तर आक्का वाचायची नाही,” मी म्हणाले. एवढं स्पष्ट मी पेशंटच्या माणसाशी कधी बोलले नव्हते.

“सांगितलं तर न्हाई वाचायची,” ती पुटपुटली. “आन घातलीया तिनं. कुनापाशी बोललीस तर माजं मेल्यालं तोंड बगशील, आसं म्हनलीया. आन् ती आत तशी पडलीया. मी कशी बोलू, तुमीच सांगा.”

तिला समजावत बसायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझी तेवढी हिंमतही नव्हती. आपल्या बहिणीचं मेलेलं तोंड बघायची पैज कुणी लावावी? आत भूल देणाऱ्या मॅडमचा आवाज ऐकू येत होता. नळी घातली जात होती. मला रडू यायला लागलं होतं, आणि स्वतःचा भयंकर राग येत होता.

मग एकदम सुचलं.

“बोलू नका,” मी म्हणाले. “एक शब्द बोलू नका. बोलायचीच आण आहे ना? दाखवा मला.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कुंडलिकरावांकडे. ते एव्हाना आमच्यापासून हातभर अंतरावर आले होते. तिने पदराचं टोक पुढे घेतलं आणि दातांनी गाठ सोडवली. बातमी कळली तशी न्याहारी टाकून निघाली असणार, कारण सकाळची गोळी तशीच होती. तिने ती माझ्या तळहातावर ठेवली. एक गोळी नव्हती. दोन अर्धुकं होती, अडकित्त्याने मधोमध कापलेली.

मी एका अर्धुकावर बोट ठेवलं. “ही तुमच्या डबीतली?”

तिने होकाराची मान हलवली.

“आणि ही आक्काच्या?”

पुन्हा मान हलली.

“सगळ्या गोळ्या अशाच? दर महिन्याला? आक्काही रोज अशीच दोन अर्धुकं खाते?”

तिन्ही वेळा तिची मान हलली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तोंडातून मात्र तिने हूं की चूं काढलं नाही.

वैजंताबाईंची गोळी डमी होती. पण रोज अर्धी गोळी त्यांच्या पोटात छबूची जात होती. आणि छबूची कुठली होती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी हृदयविभागाकडे पळाले. डॉ. जमदाडे अँजिओग्राफी करत होते. काचेपलीकडच्या खोलीतून मी माईकवर बोलले.

“सर, वैजंताबाईंच्या बहिणीचा कोड फोडायचाय.”

“तिला काय झालं?”

“काही नाही. ती धडधाकट उभी आहे.”

“मग नियमात बसत नाही.” त्यांची नजर पडद्यावरून हलली नव्हती.

“दोघी गोळ्या अर्ध्या अर्ध्या कापून वाटून खातायत. सुरुवातीपासून.”

आता त्यांनी मान वर केली. त्या अभ्यासासाठी हा माणूस दोन वर्षं कंपनीच्या पायऱ्या झिजवत होता. तालुक्यातालुक्यात शिबिरं घेऊन आम्ही पेशंट जमवले होते. मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांच्या रांगेत आमचं नाव पहिल्यांदा लागलं होतं.

“म्हणजे आपलं सेंटर कंपनीच्या यादीतून गेलं,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“फोड. माझं नाव सांग.” आणि ते पुन्हा पडद्याकडे वळले.

मुंबईच्या फोनवर तोच मघाचा माणूस होता. “पेशंटला काय त्रास होतोय?”

“पेशंटला काहीच होत नाहीये. तिचं औषध दुसऱ्या पेशंटच्या पोटात आहे, आणि ती दुसरी ऑपरेशन टेबलावर आहे.”

“मॅडम, असं आमच्या पद्धतीत…”

“आमच्याही नाही,” मी म्हणाले. “जमदाडे सरांची परवानगी आहे. तुम्ही मला एक शब्द सांगा. बाकीचं सगळं उद्या लिहून देते.”

नुसता कळफलकाचा आवाज येत होता. मी तोवर जिना उतरून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत पोचले होते.

“औषध,” तो म्हणाला.

होनराव हात धुऊन, दोन्ही हात वर धरून उभे होते. मास्कच्या वर नुसते डोळे. “बोल, साबुदाणा.”

“खरं औषध आहे. निम्मा डोस. रोज, आज सकाळीही.”

“कोड तर डमी म्हणाला.”

मी मूठ उघडून ती दोन अर्धुकं दाखवली. “एक बहिणीची आहे. तिचा कोड औषध म्हणाला.”

त्यांनी माझ्या तळहाताकडे एकदा पाहिलं. मग आत वळून म्हणाले, “इंजेक्शन काढा. निम्म्या डोसाच्या हिशोबाने द्या. ते गेल्याशिवाय मी सुरू करत नाही.” दार बंद झालं.

मी व्हरांड्यात आले तेव्हा दोघं होते तिथेच होते. छबू खांबाशी, कुंडलिकराव मधोमध उभे.

“ह्या दोघी भेटत हुत्या व्हय हितं?” त्यांनी मला विचारलं.

“दर तपासणीला.”

मग ते सांगायला लागले, मला की स्वतःला कोण जाणे. सामाईक बोअरच्या पाण्यावरून त्यांचं आणि भानुदासचं, म्हणजे छबूच्या नवऱ्याचं, फाटलं होतं. पाळीवरून शब्द वाढत गेला, कुऱ्हाडीपर्यंत गेला, मग कोर्टात गेला, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत विस्तव जात नव्हता. “म्या तवा हिला बजावलं हुतं. त्या उंबऱ्याला पाय लावलास तर माज्या घरात परत यायचं न्हाई.” त्यांनी हातातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं. “न्हाई लावला तिनं. कदी न्हाई लावला.”

छबू पदरात तोंड घालून उभी होती.

“बस की खाली,” कुंडलिकराव म्हणाले. बहुतेक इतक्या वर्षांत तिच्याशी पहिल्यांदाच थेट बोलत असावेत. “किती येळ हुबी ऱ्हाशील?”

थोरल्या दिरासमोर ती बाकावर कशी बसणार? बाकाच्या कडेला खाली फरशीवर टेकली. त्यांनी पाण्याची बाटली तिच्या बाजूला सरकवली. ऑपरेशन होईपर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो.

होनराव बाहेर आले ते टोपी काढतच. “रक्त आवरलं,” एवढंच म्हणाले, आणि माझ्या पाठीवर एक थाप मारून चहाला गेले.

वैजंताबाई नीट बोलायला लागल्या त्याला काही दिवस गेले. मी त्यांच्या कॉटपाशी बसले होते. डोक्याला पट्टी, चेहरा सुजलेला, पण नजर जुनीच, समोरच्याला जोखणारी.

“छबीनं सांगितलं व्हय?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“एक शब्द बोलली नाही.”

“मग तुमाला कसं कळलं?”

“दाखवलं तिने.”

त्यांनी जरा विचार केला. “दावायचं न्हाई आसं म्या कुटं म्हनलं हुतं?” आणि सुजल्या चेहऱ्याने हसायचा प्रयत्न केला. मग हसणं विझलं. “गोळी बंद झाली असंल न्हवं आता?”

“बंद.”

“दोघींचीबी?”

“दोघींची.”

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पाठमोऱ्या हुंदके द्यायला लागल्या. मला वाटलं, औषध गेलं म्हणून घाबरल्या असतील. मी सांगायला लागले की जमदाडे सर दुसरा काहीतरी मार्ग काढतील, काळजी करू नका.

“गोळीचं काय घिऊन बसलाय, डॉक्टरबाई,” त्या म्हणाल्या. “आमची तारीख गेली. येका बांधाला ऱ्हातो आमी. ती धुनं वाळत घालती ते मला चुलीपुढनं दिसतं. पर हाक मारायची चोरी. माज्या पाठच्या भनीचं तोंड बगाय मला येष्टी धरून हितं यावं लागायचं. ती येक तारीख हुती, तीबी गेली.”

“मग गोळ्या कशाला कापल्या? गप्प खाल्ल्या असत्यात तर…”

“तुमीच म्हनला हुता की, येकीला खरी यील, येकीला खोटी. आसं कसं चालंल? येक जगली आन् येक गेली, तर ऱ्हाईलेलीनं हितं येकटीनं यिऊन कुनाचं तोंड बगायचं? म्हनून दोघींचं सारकं करून टाकलं. जे हुईल ते दोघींचं.”

मी त्यांच्या पायावरची चादर उगाचच नीट केली. बाहेर छबू डबा घेऊन आली होती आणि दाराशी घुटमळत होती.

“तारीख गेलेली नाही,” मी म्हणाले. “गोळी बंद झाली, तपासणी नाही. कंपनीचा नियम आहे. एकदा अभ्यासात घेतलेल्या माणसाने गोळी सोडली तरी अभ्यास संपेपर्यंत त्याला तपासायचंच.”

त्या वळल्या. “खरं म्हनता?”

“खरं. मला तो नियम पहिल्यांदाच आवडला.”

“आन् अभ्यास कदी संपतो?”

“अजून पुष्कळ लांब आहे,” मी म्हणाले.

कंपनीचे लोक येऊन गेले, चार प्रश्न विचारून गेले, आणि पुढचा हृदयाचा अभ्यास आमच्या हॉस्पिटलला मिळाला नाही. जमदाडे सरांनी त्याबद्दल मला एका शब्दाने विचारलं नाही. होनराव निवृत्त होईपर्यंत मला साबुदाणाच म्हणायचे.

बोअरचा दावा अजून कोर्टात आहे. दोन भाऊ अजून एकमेकांना पाण्यात पाहतात. मात्र तपासणीच्या दिवशी कुंडलिकराव स्वतः मोटारसायकलवरून बायकोला आणून सोडतात. करंजाखाली छबू आधीच येऊन बसलेली असते. ते पाहिलं न पाहिल्यासारखं करतात, चहाच्या टपरीकडे वळतात आणि तिथून लवकर उठत नाहीत.

तो अभ्यास संपून आता बरीच वर्षं झाली. अशा झडपेच्या पेशंटने वर्षातून एकदा दाखवलं तरी पुरतं. या दोघींना मी महिन्याची तारीख देते. दोघींना एकच.